बिनतारी संचांचा पालट आणि परभणी

सार्वजनिक सुरक्षेचा विचार करताना शस्त्रे, वाहने आणि मनुष्यबळ यांची चर्चा नेहमी होते. परंतु घटनास्थळी उभ्या असलेल्या शिपायाने जे पाहिले ते जिल्ह्याच्या मुख्यालयाला किती वेळात कळते आणि मुख्यालयाचा आदेश किती जणांच्या कानी एकाच वेळी पडतो, यावरच या तिन्हींची उपयुक्तता ठरते. महाराष्ट्र पोलिसांची बिनतारी यंत्रणा स्वातंत्र्यानंतरच्या काळात मोर्सच्या कडकट्टापासून डिजिटल संचांपर्यंत आली. हा प्रवास बहुधा मुंबईच्या नजरेतून सांगितला जातो, कारण यंत्रणेची सर्वांत कठोर परीक्षा मुंबईत झाली. पण तिचे मर्म समजून घ्यायचे तर परभणीसारखा जिल्हा अधिक उपयोगी पडतो. येथे ९ तालुके आहेत, उत्तरेला जिंतूरकडे डोंगराळ मुलूख आणि दक्षिणेला गंगाखेड-पालमकडे बालाघाटाच्या रांगा आहेत, मधून गोदावरी वाहते आणि राज्याची राजधानी सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. अशा जिल्ह्यात संदेश पोहोचणे ही गृहीत धरण्याची गोष्ट कधीच नव्हती.

बिनतारी येण्यापूर्वी या भागातील सरकारी संदेशवहन तारेच्या आधाराने चाले, आणि तार रेल्वेच्या सोबतीने आली. निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. त्यामुळे परभणी, पूर्णा, सेलू ही गावे तारेने जोडली गेली. रुळांपासून दूर असलेल्या ठाण्याला मात्र घोडेस्वार किंवा पायी चालणारा जासूदच आधार होता. तारेचा दुसरा दोष असा की ती तोडता येत असे. १९४२ च्या आंदोलनात देशभर तारा तोडल्या गेल्या, तेव्हा राज्यकर्त्यांना हे कळून चुकले की प्रशासनाला ज्या क्षणी संदेशवहनाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच क्षणी खांबांवरची तार सर्वाधिक असुरक्षित असते. महायुद्धानंतर पोलिसांसाठी स्वतंत्र बिनतारी जाळ्याची निकड भासू लागली, त्यामागे हा अनुभव निश्चितच होता.

पोलिसांनी बिनतारी वापरण्याचे प्रयोग तोवर अमेरिकेत झाले होते. १९२८ मध्ये डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी गस्तीच्या मोटारींत रेडिओ बसवले. पण ते केवळ ऐकण्यापुरते होते, आणि उत्तर द्यायचे असेल तर मोटार थांबवून टेलिफोन शोधावा लागे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बायोन या गावी मोटारीतून बोलण्याचीही सोय झाली. त्याच सुमारास एडविन आर्मस्ट्राँग यांनी एफएम, म्हणजे लहरीची उंची न बदलता तिची वारंवारता बदलून आवाज वाहून नेण्याची पद्धत सिद्ध केली. इंजिनातील ठिणग्या आणि विजेची खरखर यांचा या पद्धतीला फारसा उपद्रव होत नसल्याने चालत्या वाहनासाठी ती विशेष सोयीची ठरली. १९४० मध्ये डॅनियल नोबल यांनी कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी तिच्यावर आधारित दुहेरी यंत्रणा उभारली. पुढे महायुद्धात सैनिकांच्या पाठीवरचा वॉकीटॉकी तयार करण्यातही नोबल यांचा मोठा वाटा होता. युद्ध संपले तेव्हा बिनतारी संच तुलनेने लहान, टिकाऊ आणि मोठ्या संख्येने बनू शकणारे झाले होते.

भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय संच बाळगण्यास बंदी घातली होती, त्यामुळे लहरींचा वापर हा आरंभापासूनच सरकारच्या अखत्यारीतील विषय होता. १९४६ मध्ये केंद्र सरकारने बिनतारी निरीक्षणाची एक यंत्रणा स्थापन केली. तीच पुढे पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय म्हणून ओळखली जाऊ लागली. प्रांताप्रांतांच्या पोलिसांनी कोणत्या लहरी वापरायच्या, एकमेकांशी संपर्क कसा ठेवायचा आणि संच कोणत्या प्रतीचे असावेत, हे ठरवण्याचे काम तिच्याकडे आले. फाळणीच्या दंगलींमुळे त्या कामाला अकल्पित वेग आला. परभणी मात्र या व्यवस्थेच्या बाहेर होती, कारण ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली आणि संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे ५ जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बारा वर्षांत या जिल्ह्यातील पोलीस ठाण्यांचे वरिष्ठ मुख्यालय हैदराबादेहून मुंबईला गेले. नकाशावर सीमारेषा एका दिवसात बदलते. संदेशांची वाट मात्र माणसे, संच आणि सवयी यांच्यासकट नव्याने घडवावी लागते, आणि मराठवाड्याला हे काम दोनदा करावे लागले.

या पहिल्या पिढीची यंत्रणा एचएफ लहरींवर चाले. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर, म्हणजे आयनांबरावर आपटून परत जमिनीवर येतात, त्यामुळे थोड्या शक्तीच्या संचानेही शेकडो किलोमीटर दूर संदेश धाडता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणाहून राज्याच्या मुख्यालयाशी थेट बोलण्याची ही एकच वाट होती. पण तो थर दिवसा आणि रात्री सारखा राहत नाही. सकाळी चांगली चालणारी लहर रात्री निरुपयोगी होते, आणि आवाज विरून जातो. म्हणून अनेक दशके मुख्य भिस्त मोर्सवर होती, कारण खरखरीतून माणसाचा आवाज ओळखू येईनासा झाला तरी सरावलेल्या कानाला टिंब आणि रेघ ओळखू येत असे. या व्यवस्थेत ऑपरेटर हा संपूर्ण यंत्रणेचा कणा होता. तो संदेश कागदावर उतरवून घेई, वेळ नोंदवी, संकेताक्षरांत बदली आणि पलीकडून पोच मिळाल्याशिवाय जागा सोडत नसे. पोलीस दलाच्या इतिहासात या माणसांना जेवढी जागा मिळाली आहे त्याहून कितीतरी अधिक मिळायला हवी.

मोर्सची मर्यादा उघड होती: ती मुख्यालयाला मुख्यालयाशी जोडत होती, रस्त्यावरच्या शिपायाला कोणाशीच जोडत नव्हती. ही उणीव व्हीएचएफ संचांनी भरून काढली, आणि पोलिसांच्या दैनंदिन कामात खरी क्रांती झाली ती याच टप्प्यावर. १९६९-७० पासून केंद्राने राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी अर्थसाहाय्याची योजना सुरू केली आणि तिच्यात दळणवळणाच्या साधनांचा समावेश होता; १९५४ मध्ये स्थापन झालेली भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी देशातच संच बनवत होती. व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, संच तापेपर्यंत वाट पाहण्याची गरज संपली, आणि जीपमध्ये बसणारा संच हळूहळू कमरेला लावण्याइतका लहान झाला.

व्हीएचएफच्या लहरी, पोलिसांच्या वापरात साधारणतः १३६ ते १७४ मेगाहर्ट्झच्या, आयनांबरावरून परत येत नाहीत. त्या जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या वक्रतेआड अडतात. त्यामुळे संदेश किती दूर जाईल हे प्रामुख्याने अँटेनाच्या उंचीवर ठरते. ३० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून जमिनीलगतच्या संचापर्यंत सुमारे २२ ते २३ किलोमीटरचा पल्ला मिळतो, आणि दोन्ही टोकांना तेवढेच मनोरे असतील तर तो सुमारे ४५ किलोमीटरपर्यंत वाढते. परभणीहून गंगाखेड आणि जिंतूर ही दोन्ही गावे सुमारे ४० किलोमीटरवर आहेत. म्हणजे मोकळ्या मैदानात दोन ठाणी एकमेकांना जेमतेम ऐकू शकतील, आणि वाटेत टेकडी आली तर तेवढेही नाही. गस्तीवरच्या जीपची तर गोष्टच वेगळी. यावरचा उपाय म्हणजे रिपीटर, अर्थात उंच जागी बसवलेला असा संच, की जो एका वारंवारतेवर क्षीण संदेश ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोरकसपणे पुन्हा प्रक्षेपित करतो. ग्रामीण जिल्ह्याची सारी बिनतारी यंत्रणा अशा एखाद-दुसऱ्या उंच जागेवर तोललेली असते. तेथील बॅटरी उतरली, मनोऱ्यावर वीज पडली किंवा केबलमध्ये पाणी शिरले, तर अर्धा जिल्हा मुका होतो. मराठवाड्याने २००० नंतरच्या दशकात तासन्‌तासांचे भारनियमन सोसले, तेव्हा रिपीटरची बॅटरी भरलेली ठेवणे हे गुन्हेगार पकडण्याइतकेच जिकिरीचे पोलिसी काम होते.

या यंत्रणेचा सर्वांत मोठा गुण तंत्राचा नव्हता, तर रीतीचा होता. एक जण बटण दाबून बोलला की त्या चॅनेलवरचे सगळे ऐकतात. सेलूच्या ठाण्याने नियंत्रण कक्षाला दिलेली खबर मानवत आणि पाथरीलाही, न सांगता, कळते; कोण कोठे आहे, कोणाला मदत लागणार आहे, कोण जवळ आहे, याचे चित्र प्रत्येक ठाणेदाराच्या मनात आपोआप उभे राहते. सामूहिक श्रवणाचा हा गुण पुढच्या घडामोडी समजण्यासाठी ध्यानात ठेवावा लागतो, कारण संच बदलताना तो वारंवार दृष्टीआड झाला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीच्या परिसरात सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि ५२ गावे उद्ध्वस्त झाली. गणेश विसर्जनाच्या बंदोबस्तामुळे त्या रात्री पोलीस जागे होते, हा केवळ योगायोग; विनाशाची व्याप्ती मात्र पहाट उलगडत गेली तसतशीच कळत गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात घरबांधणीबरोबरच आपत्ती व्यवस्थापनाची आखणीही होती, आणि तिच्यातून मंत्रालयात आपत्कालीन नियंत्रण कक्ष उभा राहून तो जिल्हाधिकारी कार्यालयांशी जोडला गेला. परभणी हा लातूरचा शेजारी जिल्हा. मराठवाड्याच्या प्रशासनाने बिनतारी यंत्रणेकडे केवळ कायदा-सुव्यवस्थेचे साधन म्हणून पाहणे त्यानंतर सोडले. पुढे केंद्राने उपग्रहावर आधारित पोलनेट हे जाळे उभारले, ज्यात जिल्हा मुख्यालयातील लहान उपग्रह केंद्रातून ठाण्यांपर्यंत रेडिओ-टेलिफोनने पोहोचण्याची योजना होती. आयनांबराच्या लहरीपणावर विसंबलेले मोर्सचे युग त्याबरोबर मावळतीला लागले.

याच काळात एक वेगळेच साधन आले, ज्याची योजना कोणत्याही पोलीस मुख्यालयाने केलेली नव्हती. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले मोबाइल संभाषण झाले आणि दहा वर्षांत मोबाइल प्रत्येक अधिकाऱ्याच्या खिशात पोहोचला. तो हलका होता, त्यावरचा आवाज स्वच्छ होता, आणि वरिष्ठाशी चारचौघांना न ऐकवता बोलता येत होते. जुने व्हीएचएफ संच यामुळे दुहेरी दुर्लक्षाला बळी पडले: एकीकडे त्यांचे सुटे भाग दुर्मीळ होत गेले, बॅटऱ्या तासाभरात उतरू लागल्या, दुसरीकडे ते बदलण्याची निकड कोणाला फारशी जाणवेना, कारण काम मोबाइलवर भागत होते. जुनी यंत्रणा वेळीच न बदलण्यामागे निधीची टंचाई हे कारण नेहमी पुढे केले जाते, आणि ते खोटेही नाही; पण ज्याची रोज गरज भासत नाही त्याचा क्षय कोणाला दिसत नाही, हे कारण अधिक खोलवरचे आहे.

तो क्षय दाखवून देणाऱ्या घटना लागोपाठ घडल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील टेलिफोन व मोबाइल सेवा अनेक भागांत कोलमडली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि गोदावरीचा महापूर बीड, परभणी, नांदेड जिल्ह्यांतून खाली सरकत गेला. नदीकाठच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांना त्याची झळ बसली. पैठणहून निघालेल्या पाण्याला गंगाखेडला पोहोचायला बराच अवधी लागतो, म्हणजे इशारा देण्यासाठी वेळ असतो. मात्र त्या वेळेचा उपयोग होण्यासाठी धरणावरचा आकडा जिल्ह्याच्या कक्षात, तेथून तहसीलला आणि ठाण्याला, आणि शेवटी काठावरच्या गावात पोहोचावा लागतो, तेही वीज आणि मोबाइलचे मनोरे बंद पडण्याची शक्यता असताना. पुराचा इशारा एकाच वेळी अनेकांनी ऐकायचा असतो. एकामागून एक फोन करत बसण्यात पाणी पुढे निघून जाते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री मुंबईत या दोन रीतींचा फरक अत्यंत दारुण परिस्थितीत स्पष्ट झाला. कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या अधिकाऱ्यांसह पोलीस ज्या क्वालिस गाडीत होते तिच्यावर दहशतवाद्यांनी गोळीबार केला आणि तीच गाडी पळवली. मागच्या बाजूला जखमी अवस्थेत पडलेले अरुण जाधव हे एकटे वाचले. दहशतवाद्यांनी गाडी सोडून दिल्यावर जाधव यांनी गाडीतल्या बिनतारी संचापर्यंत पोहोचून नियंत्रण कक्षाला घडलेला प्रकार कळवला. दहशतवाद्यांनी त्यानंतर पळवलेल्या दुसऱ्या, स्कोडा गाडीचे वर्णन बिनतारीवरून प्रसारित झाले, आणि गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी करून उभ्या असलेल्या डी. बी. मार्ग ठाण्याच्या पथकाने ती गाडी अडवली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गाडीतील दहशतवादी कसाबची बंदूक हाताने धरून ठेवली आणि प्राण दिले. कसाब जिवंत पकडला गेला. चौपाटीवरच्या पथकाला कोणी वैयक्तिक फोन करून सावध करण्याची गरज पडली नाही. चॅनेलवर आलेले वर्णन त्यांनी ऐकले होते. त्या रात्रीच्या पोलिसी प्रतिसादाची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने राम प्रधान यांची समिती नेमली, व्ही. बालचंद्रन तिचे दुसरे सदस्य होते. नियंत्रण कक्षातील संदेशांची नोंद हा त्यानंतर वर्षानुवर्षे सार्वजनिक चर्चेचा आणि शहिदांच्या कुटुंबीयांच्या प्रश्नांचा विषय राहिला. जे नोंदले गेले होते त्यामुळेच हे प्रश्न विचारता आले. मोबाइलवर झालेल्या संभाषणांचे तसे नव्हते.

दरम्यान जगभर डिजिटल संचांकडे संक्रमण सुरू झाले होते. युरोपात १९९० च्या दशकात टेट्रा हे मानक ठरले, ज्यात २५ किलोहर्ट्झच्या एका वाहिनीत चार संभाषणे बसतात. पुढे आलेल्या डीएमआर मानकात १२.५ किलोहर्ट्झच्या वाहिनीत दोन बसतात. लहरींची गर्दी वाढलेल्या शहरांना ही काटकसर आवश्यक होती. शिवाय डिजिटल संदेश सांकेतिक करता येतो, बोलणाऱ्याची ओळख आणि ठिकाण त्यासोबत पाठवता येते. टेट्राला मनोऱ्यांचे दाट जाळे लागते, जे महानगराला परवडते. परभणीसारख्या विरळ आणि विस्तीर्ण जिल्ह्याला डीएमआर अधिक मानवते, कारण ते जुन्याच व्हीएचएफ पट्ट्यात चालते आणि त्याचे बरेच संच जुन्या व नव्या दोन्ही पद्धतींनी बोलू शकतात, त्यामुळे सगळी ठाणी एकाच दिवशी बदलण्याची सक्ती राहत नाही.

पालट घाईने केला तर काय होते, याचे उदाहरण न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने दिले. मार्च २००१ मध्ये दलाने नवे डिजिटल संच वाटले. काही दिवसांतच एका तळघरात अडकलेल्या जवानाची मदतीची हाक त्याच्या शेजारच्या सहकाऱ्यांना ऐकू गेली नाही आणि सारे संच परत घेण्यात आले. ११ सप्टेंबर रोजी जागतिक व्यापार केंद्राच्या मनोऱ्यांत जवान शिरले ते जुनेच संच घेऊन, आणि उत्तर मनोऱ्यातील अनेकांपर्यंत बाहेर पडण्याचा आदेश पोहोचला नाही. पोलिसांच्या हेलिकॉप्टरने दिलेला इशारा अग्निशमन दलाच्या चॅनेलवर गेलाच नाही. त्या दिवशी दलाचे ३४३ जण मरण पावले. डिजिटल संचात क्षीण संदेश खरखरत का होईना ऐकू येण्याऐवजी एका मर्यादेनंतर पूर्णपणे तुटतो. जुन्या एफएम संचावर कान सरावलेल्या माणसाला याची आधी कल्पना द्यावी लागते, त्याच्याच इमारतींत आणि त्याच्याच डोंगरांत चाचणी घ्यावी लागते.

महाराष्ट्रात पुढचा मोठा बदल संचाच्या बाजूने न येता नागरिकाच्या बाजूने आला. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती उषा मेहरा आयोगाने सर्व आपत्कालीन सेवांसाठी एकच क्रमांक असावा अशी शिफारस केली होती. त्यानुसार देशात ११२ हा क्रमांक टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि महाराष्ट्रात तो २०२१ मध्ये कार्यान्वित झाला. परभणीतल्या एखाद्या गावातून केलेला फोन आता आधी राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात घेतला जातो, तेथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात येतो आणि जवळच्या पोलीस वाहनातील पडद्यावर ठिकाणासह उमटतो. तक्रार किती वाजता आली, वाहन किती वाजता निघाले आणि किती वाजता पोहोचले, याची नोंद आपोआप होते, आणि नागरिकाच्या दृष्टीने ही मोठीच प्राप्ती आहे. परंतु वाहनातला तो पडदा खासगी वा सरकारी मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर चालतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०१८ मध्ये सुरक्षा व आपत्ती निवारणासाठी चौथ्या पिढीच्या तंत्रावरचे स्वतंत्र ब्रॉडबँड जाळे उभारण्याची शिफारस केली होती, ती याच परावलंबनामुळे.

असे स्वतंत्र जाळे ग्रामीण जिल्ह्यांपर्यंत पोहोचेपर्यंत ठाण्याच्या छतावरचा व्हीएचएफचा मनोरा आणि वाहनातला पडदा या दोन्ही यंत्रणा शेजारी शेजारी चालवाव्या लागणार आहेत, आणि दोन्हींसाठी वेगळे प्रशिक्षण, वेगळी देखभाल आणि वेगळा निधी लागणार आहे. जिल्ह्याच्या आराखड्यात त्याची तरतूद करताना रिपीटरच्या जागेवरील बॅटरी व सौर पटल, पावसाळ्यापूर्वीची मनोऱ्याची तपासणी, पोलीस, महसूल, पाटबंधारे आणि महापालिकेचे अग्निशमन दल यांना एकत्र ऐकता येईल असा एक सामाईक चॅनेल आणि तो चालवणारा प्रशिक्षित बिनतारी कर्मचारी या चार बाबींना नव्या संचांच्या खरेदीइतकेच वजन द्यावे लागेल. २००६ प्रमाणे जायकवाडीचे दरवाजे पुन्हा उघडतील तेव्हा पैठणचा आकडा सोनपेठ, गंगाखेड आणि पालमच्या काठावरच्या गावांना एकाच वेळी ऐकू जाणे या चार बाबींवर अवलंबून असेल.